भाटाच्या पिढ्या

तळ्यावरचं धुकं त्या सकाळी काही केल्या उठेना. डोंगर नाहीत, घरं नाहीत. नुसतं गुरांचं हंबरणं आणि कुठूनसा येणारा चुलींचा धूर. आपण जागे आहोत की झोपेत, हेच आर्नूलला कळेना.

समोर खडक होता, भोवती खोऱ्यातली माणसं जमलेली, आणि खडकात पावलाचा ठसा कोरलेला. त्यात जो उजवा पाय ठेवील आणि ज्याच्या वाडवडिलांच्या पिढ्या भाट सगळ्यांसमोर म्हणेल, तो या खोऱ्याचा धनी. राजाने हे खोरं आर्नूलला बक्षीस दिलं होतं खरं, पण इथे राजाला विचारतो कोण! पिढ्या ऐकल्याशिवाय त्याच्यासाठी कुणी भाला उचलणार नव्हतं.

आणि आर्नूलला तर बापच ठाऊक नव्हता. समुद्रापलीकडच्या फ्लँडर्समधल्या एका चर्चच्या पायरीवर सापडलेलं पोर ते. घोडा, चिलखत, तलवार सगळं त्याने मनगटाच्या जोरावर मिळवलं. बाप कुठून मिळवणार?

एका पाद्र्याने पढवलेल्या पिढ्या त्याने म्हाताऱ्या फर्खर भाटाच्या कानात सांगितल्या.

"सम्राट, राजा, सरदार, पुन्हा राजा!" फर्खर म्हणाला. "अरे, मग तुमच्या घरात गाईची धार कोण काढायचं?"

आर्नूलचा चेहरा पडला. "खोटं आहे सगळं, भाटबुवा. मला कुणी नाही. तसं सांगून टाका त्यांना. मी जातो."

"कुठे जाशील?"

"ते कुठे ठाऊक आहे!"

फर्खर त्याच्याकडे बघत राहिला. गेल्या हिवाळ्यात त्याचा एकुलता एक मुलगा केसॉग राजाच्या लढाईत पडला, तेव्हा इतरांची प्रेतं तिथेच पुरली गेली. या परक्याने मात्र केसॉगला आपल्या घोड्यावर घातलं आणि स्वतः बर्फ तुडवत घरी आणलं. दारात उभा राहून ढसाढसा रडलाही होता वेडा.

"ठेव पाय," फर्खर म्हणाला.

ठसा बर्फासारखा गार होता. भाटाने डोळे मिटले.

"आर्नूल, फर्खरचा मुलगा. फर्खर, गिलब्रीदचा मुलगा. गिलब्रीद, नेख्तानचा..."

संध्याकाळी गुरं घरी यावीत तशी एकेक नाव धुक्यातून येत राहिलं. केसॉगसाठी जपलेली नावं होती ती. केसॉगबरोबर ती संपली, असंच सगळे धरून चालले होते.

"अहो फर्खर, हे तर तुमचेच वाडवडील!" कुणीतरी ओरडलं.

"मग काय शेजाऱ्याचे देऊ?" म्हातारा खेकसला, पण त्याचा आवाज फाटला.

कुणी हसलं नाही. मग एका बाईने हुंदका गिळत "आर्नूल, फर्खरचा मुलगा" म्हटलं, आणि तिच्यामागून सगळं खोरं म्हणू लागलं. फर्खरची मुलं. तेव्हापासून आर्नूलच्या कुळाचं नाव तेच.

आर्नूलच्या ओठांवर एक शब्द आला. आजवर कुठल्याच भाषेत तो त्याने कुणाला म्हटला नव्हता.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "पाय काढू?"

"काढ की," फर्खर डोळे पुसत म्हणाला. "गारठला असशील."