प्लसची वायर

बायकोनं नवऱ्याला माहेरी आणलं होतं ते सासऱ्यांवर लक्ष ठेवायला. "बाबांच्या हातात अजून गाडी द्यावी की नाही, एवढंच बघ. नसेल द्यायची, तर किल्ली काढून घेऊ." आणि ती काढून घेण्याचं काम अर्थातच जावयाच्या गळ्यात.

सासरे नकाशा खात्यातून निवृत्त झालेले. गाडी त्यांच्याहून जरा तरुण. हिरवी, विलायती, गोल दिव्यांची. रविवारी ती जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला न्यायची, म्हणून शनिवारभर दोघांनी कार्ब्युरेटर उघडला, धुतला, परत बसवला. काढलेले स्क्रू म्हाताऱ्यानं ताटलीत ओळीनं मांडून ठेवले, एकही इकडचा तिकडे झाला नाही. जावई नव्या गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमधला सुपरवायझर, पण त्याला नावं ठेवायला जागा सापडेना.

संध्याकाळी सापडली. सासरे हात धुवायला गेले आणि त्याचं लक्ष बॅटरीकडे गेलं. बॉडीला मायनसची वायर जोडायची असते, इथे प्लसची वायर चक्क बॉडीला जोडलेली! पहिल्या दिवशीचा शिकाऊसुद्धा असं करणार नाही. त्याला वाईट वाटलं, अगदी मनापासून. त्यानं गुपचूप वायरींची अदलाबदल केली. एक सैल बसली, दुसरी ठोकून बसवावी लागली; निदान तेव्हा तरी शंका यायला हवी होती. पण साहेब आत गेले आणि बायकोला म्हणाले, "तुझंच बरोबर. बाबांचं भान सुटत चाललंय." तिनं डोळे पुसले.

सकाळी इंजिन सुरू झालं, चार्जिंगच्या मीटरचा काटा उलट्या बाजूला पडला आणि बॉनेटखालून जळका वास आला. सासऱ्यांनी झटकन गाडी बंद केली, बॉनेट उघडलं आणि जावयाकडे वळून पाहिलं.

"जावईबापू, या जुन्या इंग्रज गाडीची प्लसच बॉडीला असते. कारखान्यातून आली तशीच आहे ती."

जावयाचं तोंड एवढंसं झालं. "बाबा, मला वाटलं..."

"काय वाटलं ते कळलं."

त्यांनी जळकी टोकं पॉलिश पेपरनं घासली, वायरी होत्या तशा लावल्या आणि अर्ध्या तासात दोघं निघाले.

प्रदर्शनाच्या मैदानाकडे जाणारं वळण सासऱ्यांनी सोडलं आणि गाडी सरळ पुढे नेली. कालच्या शहाणपणानंतर जावयाला तोंड उघडायची सोयच नव्हती. वळसा घालून आले आणि तेच वळण पुन्हा सोडलं. वीस वर्षं याच मैदानावर येणारा माणूस! तिसऱ्या खेपेला वळले.

परीक्षकानं बॉनेटखाली डोकावून मान डोलावली. "वा, वायरींची जोडणीसुद्धा मूळचीच!" जावई टायर बघत उभा राहिला. एक छोटा कप मिळाला. सासऱ्यांनी तो रुमालात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवला.

परत निघताना ते ड्रायव्हरच्या दाराशी थांबले, मग गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले आणि किल्ली जावयाच्या हातात ठेवली.

"वायर बरोबर होती, बापू."

"हो बाबा."

"वळण मात्र दोनदा चुकलं. तू पाहिलंस."

जावयाला ती किल्ली परत द्यावीशी वाटली, पण त्यानं मूठ मिटली.

सासरे शेजारच्या सीटवर बसले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. "पोरीला सांग, मी आपण होऊन दिली. तुला मागावी लागली नाही."