बंदुकीकडं बघणारा

गेनबानं खळ्याच्या कडेवरून तिसऱ्यांदा हाक मारली.

"कोंडिबाऽऽ!"

कोंडिबा पाठमोरा होता. सूप डोक्यावर धरून भात वाऱ्यावर सोडत होता. फोल लांब उडत होतं, दाणा पायाशी पडत होता. त्यानं मान वळवली नाही.

इतकी वर्षं आपण फिरकलो नाही, त्याचा अजून राग आहे, गेनबाला वाटलं.

पालीहून हिर्डोशीपर्यंतची डोंगरवाट त्यानं दोन दिवसांत तुडवली होती. संस्थान आता जाणार, असं भोरात जो तो बोलत होता. त्याआधी शेवटच्या शर्यती व्हायच्या होत्या, जुन्या पळणाऱ्यांना मांडवात बसवून फेटे बांधायचे होते. कोंडिबाशिवाय ते कसं व्हायचं? भोरच्या मैदानात शंभर यार्डांचा त्याचा विक्रम अजून कुणी मोडला नव्हता. त्या शर्यतीत गेनबा दुसरा आला होता. त्यातलं त्याला आता एवढंच आठवायचं, समोरची कोंडिबाची पाठ आणि वाऱ्यानं फुगलेली बंडी.

कोंडिबाची बायको साळूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"बसा भावजी. लई दिसांनी वाट सापडली!"

"वाट सापडली, पर गडी बोलंना. फेटा बांधायला न्यायला आलोय म्हनावं, भांडायला न्हाई."

"त्ये यायचं न्हाईत. बाजारात गेलं की कुनीतरी पुण्याच्या शर्यतीचं काढतंच. समद्यांनी धूम ठोकली, ह्यो भ्याला न् तितंच हुबा ऱ्हायला म्हनं."

गेनबा पाणी प्यायचा थांबला.

पुण्याच्या त्या शर्यतीत गेनबाच पहिला आला होता. पण ते पदक त्यानं पेटीच्या तळाशी टाकलं, परत काढलं नाही. लोक म्हणत, कोंडिबा भ्याला. गेनबाच्या मनात दुसरंच होतं. आपली आई तेव्हा आजारी होती, औषधाला बक्षिसाचे पैसे हवे होते, कोंडिबाला ते माहीत होतं. दया म्हणून तर तो थांबला नसेल? इतकी वर्षं तो एवढ्यासाठी इकडं फिरकला नव्हता.

"वयनी, खरं सांगा. मुद्दाम हुबा ऱ्हायला का त्यो? माज्यासाटी?"

साळूबाईनं पदर तोंडाला लावला. तिला हसू आलं होतं, पण ते फार टिकलं नाही.

"भावजी, म्होरं जाऊन बोला त्यांच्याशी. मागनं हाक पोचत न्हाई त्यांना."

"आँ? कवापासनं?"

"म्या नांदायला आले त्याच्याबी आदीपासनं. ल्हानपनी मोठा ताप आलता, त्यात कान गेलं. तोंडाकडं बघून समजत्यात. मामंजींनी बजावलं हुतं, भायेर बोलू नगं, शिपायाची जागा मिळायची न्हाई."

"मग भोरात बार कसा ऐकू यायचा?"

"धूर दिसायचा की."

गेनबाच्या डोळ्यांपुढं मैदान उभं राहिलं. ठासणीची बंदूक घेतलेला शिपाई पुढं, बाजूला उभा. बाकीचे सगळे शेवटच्या दोरीकडं बघतायत, आणि कोंडिबा एकटा बंदुकीकडं मान वळवून. "बंदूक घरला नेतूस का काय, लेका?" म्हणून ते त्याला चिडवायचे.

पुण्यात साहेब पिस्तूल घेऊन मागं उभा राहिला होता.

गेनबानं तांब्या खाली ठेवला. खळ्याला वळसा घालून तो समोर गेला.

कोंडिबाचं तोंड फुललं.

"आरं गेन्या! कवा आलास? हाक तरी मारायची!"

 गेनबानं खांद्यावरचा पंचा मुठीत घेतला आणि हात सरळ वर केला.

कोंडिबा त्या हाताकडं बघत राहिला. मग त्यानं साळूबाईकडं बघितलं. तिनं मान खाली घातली.

त्यानं सूप हळूच बाजूला ठेवलं. धोतर वर खोचलं आणि फोलाच्या कडेशी डावा पाय पुढं टाकून वाकला. नजर वर, पंच्यावर.

वारा पडला होता. गेनबाचा हात काही खाली येईना.