बिनसंवादाचा प्रसंग

लॉरेन्स टिडमार्श डोळे मिटून दिग्दर्शन करायचा. मूळचा तो पटकथालेखक. दिग्दर्शकांनी वर्षानुवर्षं त्याची वाक्यं कापली, तेव्हा चिडून स्वतःच दिग्दर्शक झाला, आणि कॅमेरा सुरू झाला की खुर्चीत डोळे मिटून नुसता ऐकत बसायचा. वाक्य खरं वाटलं की ‘कट’. मी त्याची कंटिन्युइटी बघायचे, म्हणजे मागच्या शॉटमध्ये कप कुठल्या हातात होता ते लक्षात ठेवायचे. त्याच्या या डोळे मिटायच्या सवयीपायी मी त्याच्याशी जन्मभर भांडले.

शेवटच्या चित्रपटाच्या वेळी तो पंचाहत्तरी उलटलेला होता. या वयाच्या दिग्दर्शकाला विमा कंपन्या एकट्याला काम करू देत नाहीत. एक तरुण दिग्दर्शक रोज सेटवर बसवून ठेवावा लागतो. म्हातारा कोलमडला तर पुढचं त्याने उरकायचं. आमच्या नशिबी कॉलिन ॲब्ज आला. बरीच वर्षं हाताला काम नसलेला. दिवेवाले त्याला तोंडावर गिधाड म्हणायचे, आणि मला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

“काय रे गिधाडा, आज तरी मरतोय का मी?” लॉरेन्स रोज सकाळी विचारायचा.

“आज नको मालक, आज जेवायला सॉसेज आहेत.”

लॉरेन्सला दिसेनासं झालं होतं, हे फक्त मला ठाऊक होतं. डोळे मिटायची सवय जुनीच, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. ॲब्जला कळलं असतं तर निर्मात्याला सांगणं त्याला भागच होतं, आणि चित्रपट लॉरेन्सच्या हातून त्याच्या हातात गेला असता.

शेवटचा प्रसंग असा: विधवा सवयीने दोन ताटल्या मांडते, मग एक उचलते. संवाद एकही नाही.

“मेल्या, जन्मभर शब्दांसाठी भांडलास आणि आता हे?” मी त्याच्या कानात म्हटलं.

“लिहिलं तेव्हा दिसत होतं ना, बाई. आणि इथे ती बोलली तर खोटं बोलेल.”

बोलणं नव्हतं म्हणून आवाजही रेकॉर्ड करायचा नव्हता. मी कॅमेऱ्यापाशी, तो लांब खुर्चीत. शॉट सुरू झाला. लॉरेन्सने डोळे मिटले. ऐकायला काहीच नव्हतं. त्याची बोटं खुर्चीचा हात चाचपू लागली, आणि मी रडायच्या बेतात आले. तेवढ्यात ॲब्ज त्याच्या मागे जाऊन वाकला.

“ताटली उचललीय,” तो हळूच म्हणाला, पण शांत सेटवर मला ऐकू आलं. “ठेवत नाहीये. हात तिथेच थांबलाय.”

लॉरेन्सची बोटं थांबली. “चेहरा?”

“काही करत नाहीये. हाताकडे बघतेय, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.”

“श्वास?”

“धरलाय. आता सोडला.”

“कट,” लॉरेन्स म्हणाला. मग मान न वळवता त्याने विचारलं, “कधीपासून माहीत आहे तुला?”

“पहिल्याच आठवड्यात कळलं. मी आहे असं समजून तुम्ही कोटाच्या खुंटीला शिव्या घातल्यात.”

लॉरेन्स एवढा हसला की त्याला ठसका लागला.

संध्याकाळी निर्माता हॅलम आला. विमा कंपनीसाठी तो रोज विचारायचा तेच त्याने विचारलं, “ॲब्ज, आज तुला काही दिग्दर्शन करावं लागलं?”

“नाही,” ॲब्ज कोट चढवत म्हणाला. “मी नुसता बघत होतो.”