नोकरीत नसलेला दिवस

फळांच्या रसाच्या कारखान्यात मी बाटल्यांना लेबलं लावायचे. शिक्षण एम.एस्सी. रसायनशास्त्र, पहिला वर्ग. अर्जात मात्र बारावी लिहिलं होतं, कारण जास्त शिकलेली बाई टिकत नाही म्हणून ठेकेदार घ्यायचाच नाही. दर अकरा महिन्यांनी आम्हाला एक दिवस कामावरून कमी करायचे आणि दुसऱ्या दिवशी नवा करार द्यायचे. कुणी कायम व्हायला नको ना.

यंदा प्रयोगशाळेत कायमची जागा निघाली. करारावरच्या कुणी मुलाखतीला यायचं नाही, असं सुपरवायझरांनी बजावलं. मी नियमाचा कागद मागून घेतला आणि नीट वाचला. मुलाखत बुधवारी होती, आणि त्या बुधवारी मी कुणाच्याच करारावर नव्हते.

सासूबाई घाबरल्या. लपवलेली पदवी उघड झाली तर गुरुवारचा करारही जाईल, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच होतं, घरात कमावणारी मी एकटी. पण चार वर्षं मूग गिळून बसले होते, आता गिळायला मूगही उरले नव्हते.

मला पदवीचं प्रमाणपत्र घेऊन मुलाखतीच्या रांगेत बघून सुपरवायझरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते माझ्यामागोमाग आत आले आणि मुलाखत घेणाऱ्या प्रयोगशाळेच्या मॅडमना म्हणाले की ही लेबलवाली आहे, हिने शिक्षण लपवलंय.

मॅडमनी प्रमाणपत्र पाहिलं. "खोटं का लिहिलंत?"

"खरं लिहिलं असतं तर आत घेतलं नसतं. कमी लिहिलं, जास्त नाही. तपासून बघा."

त्यांनी रसाचा नमुना पुढे ठेवला आणि आम्लता काढायला सांगितली. हात विसरला असेल अशी भीती होतीच, उगाच कशाला लपवू. पण काचेची नळी हातात आली आणि हात आपसूक चालू लागला. एकेक थेंब सोडत गेले, फिका गुलाबी रंग टिकला तिथे थांबले आणि आकडा सांगितला. मग मॅडमनी तेच स्वतः करून पाहिलं. आकडा तोच आला.

"उद्यापासून लेबलांना दुसरी कुणी बघा," त्या सुपरवायझरांना म्हणाल्या.

मला रडू आलं, मी ते येऊ दिलं. सुपरवायझर निघून गेल्यावर मी डोळे पुसून म्हणाले, "मॅडम, पुढची जागा निघेल तेव्हा आधी लेबलांच्या टेबलावर विचारा. बारावी लिहिलेल्या आम्ही पाचजणी आहोत. खरी बारावी एकच आहे."