ठाकुर्लीचा हॉल

कलावतीबाईंनी खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं, ते उजेडात धरून पाहिलं आणि हॉलच्या मॅनेजरला सांगितलं, की हा नको. मॅनेजर नुकताच स्वयंपाकघराचे नियम सांगायला लागला होता. त्याचं वाक्य अर्ध्यातच राहिलं.

त्यांचे दीर महिपतराव यांनी कपाळाला हात लावला. अठ्ठ्याऐंशी सालच्या डोंबिवलीत नाव घेण्याजोगे हॉल मोजकेच होते आणि ते महिपतरावांनीच हेरून ठेवले होते. सकाळी पहिला पंख्यांच्या आवाजावरून गेला, दुसरा जिन्यावरून, आणि आता हा धुळीवरून.

"वहिनी, रिसेप्शन तुमच्या मुलाचं आहे, खिडक्यांचं नाही."

कलावतीबाई तोवर चपला घालून बाहेर पडल्या होत्या.

दोघांच्या मागून गुणाजी चालत होता. तो मुलीचा बाप. मालनचं लग्न ठाण्याला कोळीवाड्यात, त्याच्या दारच्या मांडवात लागणार होतं. रिसेप्शन मुलाकडच्यांचं, डोंबिवलीत. हॉल बघायला तुम्हीही चला, असा निरोप कलावतीबाईंनी मुद्दाम पाठवला होता. आपला मान ठेवला म्हणून त्याला बरं वाटलं होतं आणि त्याच दिवसापासून जेवणाची काळजीही लागली होती.

मुलाकडचे माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नसे. आणि इकडून टेम्पो भरून माणसं निघणार, अंगावर असेल नसेल ते सोनं घालून. त्यांच्यापुढे नुसता वरणभात आला तर? निघताना गुणाजीच्या बायकोनं, शेवंतीनं, त्याला दारात अडवून बजावलं होतं, की आज बोला म्हणजे बोलाच. म्हावऱ्याशिवाय जेवून माणसं परत आली, तर पोरगी पहिल्याच दिवशी परकी झाली असं अख्खा कोळीवाडा म्हणेल.

गुणाजीनं वाक्य जुळवलंही होतं. पण गळ्यात तुळशीची माळ असलेल्या बाईपुढे माशाचं नाव काढायचं कसं? तीन हॉल झाले, वाक्य मनातच राहिलं. त्यात बाईंना काहीच पसंत पडत नाही हे पाहून त्याच्या मनात भलतंच येऊ लागलं. यांना हॉल नको आहेत, की सोयरीकच नको आहे?

रिक्षात बसताना कलावतीबाईंनी ठाकुर्लीचं नाव सांगितलं. महिपतरावांनी विचारलं, की तिथं रेल्वेच्या चाळींशिवाय आहे काय? कलावतीबाईंनी रिक्षावाल्याला चलायला सांगितलं.

हॉल बैठा होता, पत्र्याचा. भिंतींचा रंग पोपडे धरून सुटला होता आणि खुर्च्या एका कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या. कलावतीबाई दारातूनच म्हणाल्या, की हा चालेल. खिडक्यांकडे त्यांनी बघितलंही नाही. महिपतरावांचा आवाज चढला. पाव्हणे काय म्हणतील, ऑफिसातली माणसं काय म्हणतील, असं त्यांचं सुरू झालं.

दीर-भावजयीच्या वादात आपण नको, म्हणून गुणाजी पाणी प्यायला मागच्या अंगणात गेला. तिथं हॉलचा राखणदार काळुराम विटांच्या दोन चुली लिंपत बसला होता. पाण्याचा तांब्या देता देता त्यानं गाव विचारलं. कोळीवाडा ऐकल्यावर तो हसला.

"म्हंजे पोरीकडचे तुमीच. मग ही पलीकडची चूल तुमची."

गुणाजीला काही कळेना. तेव्हा काळुरामनं चिखलाचे हात न धुताच सगळं सांगितलं. बाई गेल्या आठवड्यात एकट्याच येऊन गेल्या होत्या. डोंबिवलीतला एकही हॉल त्यांनी विचारायचा ठेवला नव्हता. मासमच्छी कुठंच शिजू देत नाहीत. इथल्या मालकाकडून त्यांनी दोन चुली कबूल करून घेतल्या. एक त्यांच्या आचाऱ्याची, दुसरीवर कोळीवाड्यातल्या बायका आपल्या हातानं रांधतील. दिरांच्या कानावर मी माझ्या वेळेनं घालीन, तोवर तुम्ही बोलू नका, असंही त्या सांगून गेल्या होत्या.

"मी इचारला, ताई, पोरीवाल्यांनी मागितला काय? तर बोलल्या, मागितलं नाही. त्यांच्यावर मागायची वेळ येऊ नये म्हणून तर आले."

गुणाजी तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

तो आत आला तेव्हा महिपतराव त्याचीच वाट बघत होते.

"गुणाजीराव, आता तुम्हीच सांगा. ते तीन हॉल सोडून हा घ्यायचा?"

कलावतीबाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. आठ दिवस घोकलेल्या वाक्याचं आता काही काम नव्हतं. गुणाजीनं दुसरंच वाक्य काढलं.

"हाच बरा हाय," तो म्हणाला. "इथं खाडीचा वारा येतो."

एप्रिलची भर दुपार होती. दारातल्या पिंपळाचं पानही हलत नव्हतं. गुणाजीनं कोपऱ्यातली एक खुर्ची उचलून आणली, खांद्यावरच्या पंच्यानं ती नीट पुसली आणि कलावतीबाईंपुढे ठेवली.

"बसा, ताई."

त्या बसल्या. त्याच्याकडे बघून त्यांनी पदर सावरला.

"येतो खरा वारा," त्या म्हणाल्या.

महिपतरावांनी रुमाल काढून मानेवरचा घाम पुसला, आणि वारा कुठून येतो हे बघायला ते एकेका खिडकीशी जाऊन उभे राहू लागले.