एक फाइल काही जाईना

आमच्या घरात वाटणी म्हणजे वाटणी. आई गेल्यावर आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. शिलाई मशीन दादाकडे गेलं आणि आईचे व्हिडिओ माझ्या वाट्याला आले. ते होते दादाच्या कॉम्प्युटरवर. म्हणून सुट्टीच्या दिवशी माझी जुनी हार्ड डिस्क घेऊन मी त्याच्या घरी गेले.

दादा सुतासारखा सरळ. फायली कॉपी न करता तो एकेक ‘कट’ करून माझ्या डिस्कवर टाकत होता, म्हणजे त्याच्याकडे मागे काही राहायला नको. छोटे व्हिडिओ भराभर गेले. सगळ्यात मोठा, आई फ्रॉक बेतायला शिकवते तो, काही केल्या जाईना. फाइल फार मोठी आहे, असा निरोप यायचा. डिस्क तर जवळजवळ रिकामी होती. दादाने केबल बदलली, ती दुसऱ्या पोर्टमध्ये खोचली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पुन्हा तेच तुणतुणं.

मला नेमका तोच हवा होता. बाकीच्यांत आई नुसती येते-जाते. यात ती बोलते, असं ऐकलं होतं. माझा पारा चढला.

“तुला द्यायचाच नाहीये तो,” मी म्हणाले.

दादाने केबल काढून पुन्हा लावली.

शेवटी वहिनी आली. ऑफिसात दिवसभर ती हेच करते. तिने डिस्कची माहिती उघडून पाहिली.

“जागा आहे गं, पण डिस्कचा फॉरमॅट जुना आहे. एवढी मोठी एकच फाइल त्यात मावत नाही. आतलं सगळं परत कॉम्प्युटरवर घेऊ आणि डिस्क नव्याने फॉरमॅट करू.”

तसं केलं. दादा पुन्हा ‘कट’ करायला गेला, तशी वहिनी म्हणाली, “अहो, कट कशाला? कॉपी करा. दोघांकडे राहील.”

“ते तिच्या वाट्याचं आहे.”

“मग? तिचं काय कमी होणार आहे?”

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. “तिलाच विचार.”

मी तरी अडून बसले. “आधी फाइल धड आहे का ते बघू.”

दादाने व्हिडिओ लावला. आई टेबलावर कापड पसरून खडूने खुणा करत होती. मधेच तिने मान वर केली. “कधीचा उभा आहेस. ते स्टूल ओढून घे की.”

“असू दे. तू सांग,” कॅमेऱ्यामागून दादाचा आवाज आला.

मग ती सांगत राहिली, त्यालाच. काख कुठे धरायची, शिवणीला किती सोडायचं, आणि अरे, तुझ्या सदऱ्याचं बटण तुटलंय, जाताना देऊन जा.

मला स्वतःची लाज वाटली. हा माणूस सकाळपासून हे मला देऊन टाकत होता.

“कॉपी कर,” मी म्हणाले. “सगळेच कर.”

दादा पडद्याजवळ वाकला, पण त्याला काही दिसेना. शेवटी वहिनीनेच बटण दाबलं.