वाचनालयाच्या घड्याळाची शिडी

मी एक जुनी शिडी आहे. सागवानी, चौदा पायऱ्यांची. सातवी पायरी जरा कुरकुरते, पण या वयात कोण कुरकुरत नाही? मित्रांनो, शिडी म्हटली की लोकांना चढणारा आठवतो. खालून धरणाऱ्याचे नाव कुणी काढत नाही, म्हणून आज मी दोघांचीही गोष्ट सांगणार आहे.

सुताराकडून मला विकत घेतले ते घड्याळकाकांनी. त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान इतके अरुंद होते की गिऱ्हाईक आत आले की काकांना पोट आत घेऊन बसावे लागे. केसाएवढी स्प्रिंग ते चिमट्याने सहज बसवत, पण दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला की त्यांचे डोळे पांढरे होत. मग शिडी कशाला घेतली? तर समोरच्या वाचनालयाच्या दारावर एक मोठे घड्याळ होते. ते फुकट सांभाळीन, असे काका भर सभेत जोशात बोलून बसले होते. घरी येऊन त्यांनी बायकोपुढे पडेल चेहऱ्याने सगळे कबूल केले. त्यांची बायको शाळेत शिकवायची, सगळे तिला बाई म्हणत. बाईंनी बाह्या सरसावल्या.

"वर जाऊन काय करायचं तेवढं सांगा," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून तोच शिरस्ता पडला. बाई चढायच्या, काका मला दोन्ही हातांनी धरायचे आणि खालून सूचनांचा रतीब घालायचे.

"अगं, उजवीकडचा स्क्रू."

"कळलं हो."

"जोर लावू नकोस."

"नाही लावत हो."

बायकोला वर चढवून हा बाबा खाली आरामात उभा राहतो, असे लोक म्हणत. काका निमूट ऐकून घेत. त्यांच्या भोवळीची गोष्ट आम्हा तिघांपलीकडे कधी गेली नाही.

नुसत्या घड्याळावर भागेल तर त्या बाई कसल्या? सुट्टीचा दिवस उजाडला की मला खांद्यावर टाकून दोघे निघत. गल्लीतले दिवे, शाळेचे गळके छप्पर, कुणाची अडकलेली खिडकी, काहीही चाले. एकदा झाडावरचे मांजर उतरवताना ते बाईंच्या हातून निसटले आणि थेट काकांच्या टकलावर उतरले. टकलावर नखांच्या चार रेघा उमटल्या, पण काकांनी मला सोडले नाही.

एका वर्षी ओढ्यावरचा लाकडी पूल वाहून गेला. पलीकडे आजारी माणसे, औषधे अलीकडे. त्या दोघांनी मला ओढ्यावर आडवे टाकले. बाई सरसर पलीकडे गेल्या आणि माझे ते टोक घट्ट धरून बसल्या. औषधांची पिशवी आता काकांनीच न्यायची होती. ते डोळे मिटून, रांगत, मोठ्याने पायऱ्या मोजत आले. "चौदा" म्हणून त्यांनी डोळे उघडले, तर समोर बाई हसत होत्या. त्या दिवशी मला माझा फार अभिमान वाटला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. घड्याळाच्या मिनिटकाट्याची खीळ झिजली, तेव्हा काकांनी दोन दिवस खपून पितळेची नवी खीळ घडवली. बाई ती घेऊन वर गेल्या. थोड्या वेळाने टिणकन् काहीतरी पडले आणि गटारात गेले.

"काय पडलं गं?" काकांनी विचारले.

"काही नाही हो, कबुतर."

"खीळ बसली?"

"बसली."

बाई उतरल्या तेव्हा त्यांच्या अंबाड्यातली एक बट सुटून खांद्यावर आली होती. कारण मला ठाऊक होते, पण शिडीने चुगली करू नये. पुढे तीस वर्षे काका सगळ्यांना ऐकवत राहिले, "माझ्या हातची खीळ आहे, जागची हलायची नाही." आणि बाई दर वर्षी घड्याळ पुसण्याच्या निमित्ताने वर जाऊन काहीतरी दाबून येत.

मग बाई गेल्या. काकांनी मला परसात भिंतीला टेकवले आणि माझ्याकडे बघणेच सोडले. माझ्यावर कोळ्यांनी संसार थाटले. दोन वर्षांत घड्याळाचा मिनिटकाटाही सैल होऊन सहावर लोंबू लागला, म्हणजे दिवसभर साडेच वाजलेले. वाचनालयाने ठरवले की महिनाअखेरीला घड्याळ काढून तिथले भोक बुजवायचे. ते ऐकून काका तसेच परसात आले आणि त्यांनी फडक्याने माझी एकेक पायरी पुसली.

वाचनालयासमोर गल्लीतला वायरमन म्हणाला, "काका, मी चढतो, तुम्ही खालून सांगा."

"नको रे. सांगितलेलं तंतोतंत करणारी ती एकच होती."

काकांनी डोळे मिटले. ग्रंथपाल बाई, वायरमन आणि निम्म्या गल्लीने मला धरले. एक, दोन... दोनवर त्यांचे पाय असे लटपटले की मीही हादरले. पण ते मोजत राहिले. चौदा म्हणून त्यांनी काट्यामागे बोटे घातली आणि डोळे उघडले.

तिथे पितळी खीळ नव्हती. बाईंच्या केसांचा काळा आकडा होता, सैल होऊन अर्धा बाहेर आलेला.

काकांनी त्या आकड्यावरून बोट फिरवले. मग ते हसू लागले, इतके की माझी सातवी पायरीही कुरकुरायची विसरली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. त्यांनी पकडीने तो आकडा घट्ट दाबून पुन्हा बसवला. काटा जागेवर आला, घड्याळ चालू झाले. त्याच वेळी खिशातून आणलेली नवी कोरी पितळी खीळ टिणकन् खाली पडली आणि गटारात गेली.

"काका, काय पडलं?" खालून ग्रंथपाल बाईंनी विचारले.

"काही नाही," काका म्हणाले, "कबुतर."

खीळ त्यांच्या हातून निसटली की त्यांनी ती सोडली, हे मी सांगणार नाही. आता दर वर्षी काका तो आकडा दाबायला वर जातात आणि गल्ली मला धरते. मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी काही दुरुस्त करायला वर चढत असेल, तर खालून दोन्ही हातांनी धरा. सूचना द्यायच्या तर द्या, पण त्या पाळल्या जातीलच अशी आशा ठेवू नका.